युद्धकाळांतील पांढरीचा कर व गांवखर्च : कल्याण प्रांताच्या निमित्तानें

जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची एक रीत सर्वत्र सारखीच दिसून येते. एखाद्या वाड्यांतून कागदांचा रुमाल हातीं आला, कीं शिक्क्यामोर्तबाचीं पत्रें प्रथम बाजूस निघतात. सनदा, महजर व निवाडपत्रें त्यांच्या मागोमाग येतात. आणि आंकड्यांनीं भरलेले बंद 'किरकोळ हिशेब' असा शेरा मारून पुन्हां होते तसे बांधून ठेविले जातात. पुष्कळदां ते बांधलेही जात नाहींत. या हिशेबांतील जीं कलमें आजवर विशेष उपेक्षिलीं गेलीं, तीं लढाईच्या वर्षांतील घरांवरील कर व गांवखर्च यांचीं होत. युद्धाचा इतिहास आपण स्वाऱ्या, वेढे व तह यांच्या तारखांनीं लिहितों. परंतु फौज पुढें निघून गेल्यावर जो गांवांत उरला त्याच्यावर त्या युद्धाचें ओझें किती पडलें, हें सांगणारें साधन या बंदांखेरीज दुसरें फारसें नाहीं. म्हणून तीं कलमें कशीं वाचावींत, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्हीं कल्याण प्रांतांतील उल्हास नदीचें खोरें घेतलें आहे. बदलापूरच्या वस्तींत आज मोडणारा हेंद्रेपाडा याच खोऱ्यांत आहे. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें, अशी आख्यायिका तिकडे ऐकूं येते. तिच्यावर इतिहासाची इमारत उभारतां येणार नाहीं. पण कल्याण बंदराकडून घाटांच्या पायथ्याकडे जाणारी वाट या खोऱ्यांतून जाते, ही गोष्ट नकाशावरूनच सिद्ध आहे. आणि वाटेवरचें गांव युद्धांत प्रथम भरडलें जातें.

१. काळी व पांढरी

मराठी कागदांत गांवाचे दोन भाग मानलेले आहेत. पिकाऊ जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पुढें पांढरी या शब्दानें वस्तींत राहणारा समुदायही दर्शविला जाऊं लागला. 'समस्त पांढरी' म्हणजे सर्व गांवकरी. काळीवर जमिनीचा महसूल. पांढरीवर घरपट्टी, कोठें घरझाडा या नांवाचा घरांवरील कर, आणि वाणी, उदमी व कारागीर यांजवरील मोहतर्फा. ब्राह्मण व गांवकामगार यांच्या घरांस बहुधा माफी असे. शेतकऱ्याच्या लहान मौज्यांत पांढरीचें उत्पन्न काळीच्या मानानें थोडें. कसब्यांत व पेठेंत तें मोठें. कल्याणसारख्या बंदराच्या ठिकाणीं त्याला विशेष महत्त्व असणें स्वाभाविक होतें.

या दोन्ही जमांहून निराळी तिसरी बाब म्हणजे गांवखर्च. हा पैसा सरकारांत जात नसे. तो गांवानें आपल्या गरजेसाठीं आपणांवरच बसवावयाचा. देवाची दिवाबत्ती, उत्सव, धर्मादाय हे नेमाचे खर्च सालाबाद म्हणून चालत. पाहुण्यांची व सरकारी शिपायांची सरबराई यांसारखे अकल्पित खर्च सादिलवार या सदराखालीं पडत. पाटील व कुळकर्णी यांनीं हा हिशेब ठेवावयाचा आणि पांढरीनें तो मान्य करावयाचा. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर सादिलवार ही ग्रामसभेची तिजोरी होती. मात्र त्या तिजोरींत शिल्लक अशी क्वचितच असे. खर्च आधीं होई आणि पट्टी मागाहून बसे. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व उलगडा होतो.

पाडे असलेल्या मुलखांत आणखी एक सावधगिरी पाहिजे. ठाणें जिल्ह्यांत एका मौज्याच्या पोटांत अनेक पाडे असतात, आणि पाड्याचा हिशेब सामान्यतः मौज्याच्या नांवाखालीं होतो. तेव्हां हेंद्रेपाडा हें नांव शोधीत दप्तर चाळणाऱ्यानें निराश होऊं नये. मौज्याच्या घरांची मोजदाद पाहावी आणि कुळांच्या नांवांवरून पाडा ओळखावा.

२. लष्कर आलें म्हणजे काय होई

लष्कर जवळ आल्याची वार्ता आली, कीं गांवकऱ्यांपुढें दोन मार्ग असत. एक, गुरेंढोरें व बायकामुलें घेऊन रानांत किंवा डोंगरांत निघून जाणें. दुसरा, राहून खंडणी भरणें. पहिला मार्ग नेहमींच भित्रेपणाचा नव्हता. कित्येक वेळां तो राज्यकर्त्यानेंच घालून दिलेला असे. शिवाजी महाराजांनीं १६६२ च्या ऑक्टोबरांत रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेधे देशमुखांस पाठविलेलें पत्र संशोधकांस परिचित आहे. मोगल चालून येत असल्यामुळें रयतेस मुलांमाणसांसह घाटाखालीं निर्धास्त जागीं पोंचवावें, त्यांत क्षणाचा विलंब करूं नये, असा त्याचा आशय आहे. आधुनिक काळांत ज्याला लोकवस्ती हलविणें म्हणतात, त्याचा हा आपल्याकडील स्पष्ट दाखला होय. स्वकीय लष्करही रयतेस निर्धोक असेंच नव्हे. १६७३ च्या मे महिन्यांत चिपळूणकडील छावणीस महाराजांनीं जी सक्त ताकीद दिली, तिच्यांत दाणा-वैरण विकत घ्यावी, कुणब्याच्या घरचें हिसकावूं नये, नाहीं तर यांच्यापेक्षां मोगल बरे असें रयतेस वाटेल, असें बजावलें आहे.

जे निघून गेले ते कागदांत 'परागंदा' म्हणून येतात. सर्वच गेले तर गांव 'बेचिराख', म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. हा शब्द करुणरसाचा नसून हिशेबाचा आहे. दिवा नाहीं म्हणजे घर नाहीं, घर नाहीं म्हणजे पट्टी नाहीं. इतकाच त्याचा जमाखर्ची अर्थ. बखरकारानें बेचिराख म्हटलें असतां ती अतिशयोक्ति असूं शकते; परंतु ताळेबंदांतील बेचिराख म्हणजे त्या वर्षीं त्या गांवचा वसूल शून्य, असें समजून चालण्यास हरकत नाहीं.

जे राहिले त्यांच्यावर मागणी करणारे अनेक. मुलूख लढाईच्या सीमेवर असला म्हणजे दोन्ही पक्षांचे अंमलदार तोच वसूल मागत. एकाची पावती दुसऱ्यापुढें चालत नसे. पैसा तत्काळ उभा न राहिला तर गांवांतील प्रतिष्ठित माणसें ओल, म्हणजे ओलीस, धरून नेत. त्यांची सुटका करण्यासाठीं सावकाराचें कर्ज निघे. याशिवाय वेठ होती. ओझीं वाहणें, गवत कापणें, वाट दाखविणें, लाकूड पुरविणें, हा कर पैशांत नसल्यामुळें जमेंत येत नाहीं. परंतु शेतांत राबावयाचे दिवस त्यांत गेले, तें नुकसान खरेंच.

३. सुटीचा आंकडा

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. लढाईनंतर सरकारचे अंमलदार नुकसानीची चौकशी करीत, पायमल्लीची सूट देत, उजाड जमिनीस कौल देऊन इस्तावा ठरवीत. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षीं थोडें, पुढें वर्षास वाढत जाऊन ठराविक मुदतीनें पुरा धारा, असा चढता ठराव. बैल-बियाण्यासाठीं तगाईही मिळे. हे कागद वाचून पुष्कळ लेखक राज्यकर्त्याच्या दयाळूपणाची वाखाणणी करतात. ती अगदींच अस्थानीं नाहीं. परंतु सुटीचा आंकडा म्हणजे रयतेस मिळालेला दिलासा, असें समीकरण मांडणें चुकीचें आहे.

हें एका कल्पित उदाहरणानें दाखवितों. समजा, एका मौज्याचा सरकारी ठराव ५०० रुपये, सादिलवार गांवखर्च ५० रुपये आणि घरें ४० आहेत. एकूण ५५० रुपये. दर घरीं पावणेचौदा रुपये. लढाईच्या वर्षीं १५ घरें परागंदा झालीं, २५ उरलीं. सरकारनें १०० रुपये सूट दिली. ठराव ४०० वर आला. परंतु लष्कराची सरबराई, जासूद-हरकाऱ्यांचें पोट, ओल सोडविण्याच्या कर्जाचें व्याज मिळून गांवखर्च १५० वर गेला. एकूण पुन्हां ५५० च. तें २५ घरांवर वांटलें असतां दर घरीं २२ रुपये पडले. सरकारी दप्तर पाहणारा म्हणेल, पांचवा हिस्सा माफ झाला. गांवचा कागद पाहणारा म्हणेल, घरामागें ओझें दीडपटीहून अधिक झालें. दोघांचेही आंकडे बरोबर आहेत. सत्य मात्र दुसऱ्याच्या पदरीं अधिक आहे.

याचें कारण ठराव गांवाचा होता, घराचा नव्हता. पाटील सर्व मौज्याची हमी घेई. कोणीं भरलें नाहीं तर उरलेल्यांनीं भरून काढावयाचें, ही वहिवाट होती. यास्तव कर न वाढवितांही नुसत्या माणसांच्या जाण्यानें कर वाढतो. आणि तो वाढला म्हणजे कुंपणावरचे आणखी चार जण उठून जातात. अशा रीतीनें लष्करानें न जाळलेलें गांवही पट्टीनें ओस पडूं शकतें. एखादें गांव शत्रूची स्वारी होऊन गेल्यावर दोन-तीन वर्षांनीं बेचिराख झालेलें दिसलें, तर दुसरी स्वारी शोधण्यापूर्वीं गांवखर्चाचा बंद शोधावा, असें आमचें मत आहे.

गांवकर्जाची गोष्टही याच ठिकाणीं सांगितली पाहिजे. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांच्या मुलखासंबंधीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवावर समाईक कर्ज असतें, तें बहुधा सादिलवारांत वार्षिक पट्टी घालून फेडितात, आणि कधीं कधीं गांवची जमीन गहाण टाकून अगर देऊन टाकून वारतात, असें नमूद आहे. म्हणजे एका पावसाळ्याची खंडणी नातवांच्या पट्टींत येऊं शकते. अर्थ न लागणारीं जमिनीचीं गहाणखतें संग्रहांत पुष्कळ असतात; त्यांचें वर्ष एखाद्या मोहिमेच्या वर्षाशीं ताडून पाहिलें असतां कित्येकांचा उलगडा होईल.

परागंदा परत आले म्हणजे नवीन कज्जे उभे राहत. मिरासदार दूर गेला तरी त्याची मिरास सहसा बुडत नसे. दीर्घ काळानंतरही येऊन तो आपलें शेत व घरठाण मागूं शके. उलट राहिलेल्यानें मधल्या सर्व वर्षांची पट्टी सोसलेली. एकाचा हक्क व दुसऱ्याचा भार, यांचा तोल गोतसभेस साधावा लागे. महजरांतील वादी-प्रतिवादींच्या तकरीरींत 'अमक्या दंग्यांत निघून गेलों' असा उल्लेख आला, कीं त्या निवाड्याची पार्श्वभूमि युद्धाची आहे असें समजावें. तेथें न्याय केवळ पुराव्याचा नसून सोसल्याचा हिशेब आहे.

४. शास्त्रकारांची दृष्टि

हा प्रश्न आपल्या प्राचीनांस अज्ञात नव्हता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत जनपद वसविण्याच्या प्रकरणीं अनुग्रह व परिहार हे दोन शब्द वापरले आहेत. अनुग्रह म्हणजे मदत, आपली तगाई. परिहार म्हणजे करमाफी, आपली सूट. कोश वाढेल असेच अनुग्रह-परिहार द्यावे, कोश आटेल असे देऊं नयेत. कारण ज्याचा कोश रिता तो राजा शेवटीं नगरच्या व गांवच्या लोकांनाच ग्रासतो, असा त्याचा अभिप्राय आहे. म्हणजे माफी ही दया नसून बीज आहे. इस्ताव्याचें तत्त्व याहून निराळें नाहीं.

पांचव्या अधिकरणांत संकटग्रस्त राजानें कोश कसा भरावा, याचे उपाय सांगतांना तोच ग्रंथकार अशी जादा मागणी एकदांच करावी, दुसऱ्यांदा करूं नये, असें बंधन घालतो. पेशवाईंतील कर्जपट्टी किंवा जास्तीपट्टी ही राज्यावरील कर्जाच्या वेळीं वतनदारादिकांवर बसणारी पट्टी मूळ स्वरूपानें अशीच नैमित्तिक होती. परंतु नैमित्तिक पट्टी पुन्हां पुन्हां आली म्हणजे ती नित्याची होते, आणि सालाबाद सदरांत शिरते. एखाद्या पट्टीच्या नांवांत निमित्त आहे आणि हिशेबांत ती दरसाल येते, असें दिसलें, तर पूर्वींचें एखादें संकट त्या नांवांत गोठून राहिलें आहे असें खुशाल समजावें.

प्राचीन दानपत्रांत वारंवार येणारें 'अचाटभटप्रवेश' हें विशेषणही या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दान दिलेल्या गांवांत चाट व भट, म्हणजे राजाचे शिपाईप्यादे, यांनीं शिरूं नये, अशी ती सवलत. करमाफीइतकेंच शिपायांच्या सरबराईंतून सुटणें मोलाचें होतें, याचें याहून बळकट प्रमाण कोणतें पाहिजे ?

५. १७८० चें वर्ष

आतां हें सर्व कल्याण प्रांतास लावून पाहूं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला व साष्टी घेतली, आणि कल्याण प्रांत सीमेवर आला. १७८० च्या मे महिन्यांत कल्याण इंग्रजांच्या ताब्यांत होतें, आणि तें सोडविण्यासाठीं आलेल्या मराठी फौजेशीं त्यांचा तेथें सामना झाला. त्याच पावसाळ्यांत, ऑगस्टमध्यें, कॅप्टन अॅबिंग्टन याच्या हाताखालील टोळीनें मलंगगडावर चाल करून खालची माची घेतली. वरचा बालेकिल्ला मात्र शिबंदीनें दिला नाहीं. मराठ्यांनीं कल्याणशीं त्या टोळीचें दळणवळण तोडलें, आणि ऑक्टोबरांत कर्नल हार्टलेनें येऊन तिची सुटका केली. डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें वसई घेतली आणि दुगाडजवळ रामचंद्र गणेश कानडे पडले. १७८१ च्या आरंभीं गॉडर्ड बोरघाटाच्या पायथ्याशीं जाऊन बसला. एप्रिलांत मराठ्यांच्या माऱ्यांतून त्यास पनवेलकडे मागें हटावें लागलें. १७८२ च्या मे महिन्यांतील सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई-कल्याणाकडील मुलूख मराठ्यांस परत मिळाला.

मलंगगडाचा सुळका बदलापूर-अंबरनाथच्या परिसरांतून उघड्या डोळ्यांनीं दिसतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे दिवस भाताच्या लावणीनंतरचे व कापणीपूर्वींचे. या दिवसांत गडाभोंवतीं दोन फौजा, एका बाजूस बंदर एकाच्या हातीं, दुसऱ्या बाजूस घाट दुसऱ्याच्या हातीं. आणि मुंबईकरांस त्या वेळीं पैशाची व धान्याची मोठी ओढ. असें असतां मधल्या खोऱ्यांतील वसूल कोणीं घ्यावयाचा, हा प्रश्न तहाच्या कलमांत सुटला तरी पाटलाच्या ओटीवर कसा सुटला, हें पाहण्यासारखें आहे. त्याचें उत्तर मौजेवार कागदांतच मिळणार.

ते शोधतांना सनांची गफलत टाळावी. शुहूर सन मृगाच्या आरंभीं बदलतो. त्यामुळें मे १७८० मधील कल्याणची गडबड समानीन मया व अलफ, म्हणजे ११८०, या सालाच्या शेवटीं पडते. आणि मलंगगडाचा वेढा, वसईचा पाडाव व बोरघाटाची मोहीम हीं सर्व इहिदे समानीन मया व अलफ, म्हणजे ११८१, या एकाच सालांत येतात. फसली सन त्या वेळीं ११९० होता. एकाच इसवी सनाच्या भरंवशावर चाळणाऱ्याच्या हातून अर्धे कागद निसटतील. शिवाय सूट ही नुकसानीच्या सालीं न दिसतां पुढील सालच्या ताळेबंदांत दिसण्याचा संभव अधिक. कारण चौकशीस वेळ लागतो. म्हणून ११८० पासून निदान ११८५ पर्यंतचे बंद एकत्र ठेवून वाचणें इष्ट.

६. अर्वाचीन दाखला

हा विषय केवळ मोडींत गाडलेला आहे असें कोणीं मानूं नये. १९४० मध्यें फ्रान्स पडल्यावर इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील गांवांतून लोक निघून गेले; घरें रिकामीं, दुकानें बंद; घरपट्टीवर चालणाऱ्या तेथील नगरसभांचें उत्पन्न आटलें, पण दिवाबत्ती, पाणी व हवाई संरक्षण यांचा खर्च राहिला. सरकारास मदतीचा हात द्यावा लागला. आपल्याकडे १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें, ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकिनाडा यांवर जपानी बाँब पडले, आणि मुंबईंतील पुष्कळ कुटुंबें गांवीं गेलीं. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यांत रिकाम्या घराच्या करापैकीं परतावा मागण्याची तरतूद आहे. ती बेचिराखाचीच नागरी बहीण होय.

कल्याणजवळ याच युद्धांत मोठी लष्करी छावणी उठली. लष्करास लागणारी जमीन भारतसंरक्षणाच्या नियमांन्वयें घेतां येई, आणि १९३५ च्या कायद्याच्या १५४ व्या कलमानें मध्यवर्ती सरकारच्या मिळकतीस प्रांतिक व स्थानिक करांपासून सामान्यतः माफी होती. छावणी आली म्हणजे रस्ते, पाणी व स्वच्छता यांवरील ताण वाढतो. परंतु त्या जागेवर कर बसत नाहीं. फाळणीनंतर याच बराकींत सिंधमधील निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. एका खोऱ्यांतून परागंदा झालेल्यांचा इतिहास शोधावयाचा, आणि त्याच खोऱ्यांत दुसरीकडचे परागंदा येऊन वसावे, हा योग विचार करावयास लावणारा आहे. त्यांच्या पहिल्या वर्षांतील भाडें, सूट व थकबाकी यांचे कागद आज जुनें दप्तर या पदवीस पोंचत आहेत. तेही जपले पाहिजेत.

७. संग्राहकांस विनंति

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. गांवचे हिशेब हातीं आल्यास बंदांचा मूळ क्रम मोडूं नये. कारण आंकड्याचा अर्थ शेजारच्या आंकड्यांत असतो. घरांची मोजदाद, गांवखर्चाची यादी, कर्जरोखे व ओलीचे उल्लेख एकाच रुमालांत ठेवावे. कुळांच्या नांवांपुढील 'परागंदा', 'नादार', 'नवा आला' हे शेरे नकलेंत गाळूं नयेत. आंकडा उतरवून शेरा सोडणें म्हणजे देह ठेवून प्राण टाकणें होय. आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांतील प्रांत-महालाचे ताळेबंद ज्यांस पाहावयास मिळतात, त्यांनीं सूट दिसतांच थांबूं नये. त्याच मौज्याचा घरगुती कागद कोणाकडे आहे काय, याची विचारपूस करावी. सरकारी दप्तर एक बाजू सांगतें. दुसरी बाजू कुळकर्ण्यांच्या माळ्यावर, कसर व वाळवी यांच्या वाट्यास गेलेली आहे. जी उरली असेल ती वेळीच उतरवून घेतली, तर लढाया कोणीं जिंकल्या याच्या जोडीस त्या कोणीं फेडल्या, हेंही आपणांस सांगतां येईल.